पुलावरून आलेली

“पुलावरच्या सीमा-अधिकाऱ्यानं हात हलवला आणि गाडी पुढं सोडली. एवढंच सांगायचं, घाबरायचं नाही,” असं नियेवेसची मावशी मरण्याआधी बजावून गेली होती.

नियेवेस नऊ वर्षांची असताना तिनंच तिला गाडीत बसवून मेक्सिकोतून पुलावरून अमेरिकेतल्या एल पासोत आणलं होतं. तसं शपथपत्रही लिहून दिलं होतं. दुसरी प्रत नव्हती. आज, अमेरिकेत राहण्याच्या परवान्यासाठीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी, ते नाहीसं झालं होतं.

शेजारणीच्या हाती नियेवेसचा निरोप मिळताच खासगी शोधक ओतिलिया बाका आणि तिचा मदतनीस तोरिबियो आले. नियेवेसच्या खोलीच्या दाराला बाहेरून नवीकोरी कडी होती. ओतिलियानं त्या कडीवर बोट फिरवलं.

“वकीलबाई म्हणाल्या, पुलावरून सोडलेलीला अमेरिकन नवऱ्याच्या अर्जावर इथंच राहता येतं,” नियेवेस रडत म्हणाली. “नदीतून लपून आलेलीला दहा वर्षं परत पाठवतात. ऐकायला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा नवरा, एफ्राइन.”

टेबलावरच्या जाड पाकिटात लग्नाचा दाखला, फोटो, सगळं जागच्या जागी होतं.

सासू रेफुहियो, जिला सगळे मानानं ‘दोन्या’ म्हणत, शेगडीवर मिरच्या भाजत होती. “कागदासाठीच लग्न केलंय हिनं, तोंडावर सांगते! पण मी कशाला चोरू? पूल काय नि नदी काय, सरकारला सगळं सारखंच. लग्नाचा दाखला आहे ना? मग झालं!”

“दोन्या, मिरचीनं तुमच्यापुढं हात टेकले,” तोरिबियो पुटपुटला.

एफ्राइननं खांदे उडवले. “आईलाच विचारा. नाहीतर जाऊ दे ती मुलाखत. राहील आहे तशी. घरात काय कमी आहे तिला?”

“म्हातारीच!” तोरिबियो कानाशी लागला.

“म्हातारीनं दाखला उचलला असता,” ओतिलिया सावकाश म्हणाली. “तिच्या लेखी तोच मोठा. नेमकं शपथपत्र वेचायला त्याची किंमत ठाऊक हवी. ती ठाऊक असलेले दोघंच. एक रडतेय. दुसरा बायकोच्या खोलीला बाहेरून कडी बसवतो. कागद मिळाले की ती बाहेर पडेल, हीच भीती ना, एफ्राइन?”

तव्यावर मिरची जळत होती.

“जाळलं मी ते,” एफ्राइन म्हणाला. “गेली असती ती.” आणि तो निघून गेला.

तीन वर्षं नियेवेस याच माणसाचं ताट वाढत होती.

“छळ सोसलेल्या बायकोला स्वतःचा अर्ज करता येतो,” ओतिलिया म्हणाली. “तिथं पुलाचा प्रश्नच येत नाही. पण कोंडलं होतं हे सांगणारं माणूस हवं.”

दोन्या रेफुहियोनं शेगडी विझवली.

“तो कडी लावून कामावर जायचा. ही आतून हाका मारायची. मी जपमाळ ओढत बसायची, देवा!” तिनं सुनेकडं पाहिलं. “मी सांगेन. पोटच्या पोराविरुद्ध सांगेन. वचन देते.”

डोक्यावरून शाल घेऊन ती वकीलबाईंच्या कचेरीच्या रस्त्याला लागली.