मागून हाक

सत्काराला जायचं म्हणून लेकीनं, हरिप्रियानं, अप्पांची जरीकाठी वेष्टी नेसायला इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती. सेतुमाधवराव मात्र रोजच्याच कपड्यांत निघाले. सत्तरी उलटलेला हा गणिताचा मास्तर तंजावूरच्या बायपासवरचे अपघात थांबावेत म्हणून एकोणीस वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होता. अर्ज, आकडे, अपघातांचे नकाशे... त्यांना लांबून बघितलं की कारकून जेवायला उठायचे. अखेर सरकार हललं. दुभाजकातली जी फट ओलांडताना माणसं मरत होती, ती आज बुजवली जाणार होती, आणि मास्तरांच्या खांद्यावर पोन्नाडै, म्हणजे मानाची शाल, पडणार होती.

याच फटीत एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा, हरिप्रियाचा अण्णा मुरली, गेला. पंचवीस वर्षांचा होता. तिरुवैयारूची बस धरायला तो रस्ता ओलांडत होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हा त्यांच्या घरचा नेम. मास्तरांची बायको शेषम्मा तो जिवापाड पाळायची आणि मास्तर तिला हसायचे. त्या संध्याकाळी पोराचा रुमाल घरी राहिला. तो घेऊन ते मागोमाग आले आणि कडेला उभं राहून मोठ्यानं ओरडले, "मुरली, रे मुरली!" पोर फटीत थबकलं, वळू लागलं, आणि लॉरी आली. शेषम्मानं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. वर्षाच्या आत तीही गेली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते त्या फटीपाशी जात. लोकांना वाटे, मास्तर गाड्या मोजतात. मोजतही असत. पण मुरली तिथं उभा असायचा. पाठमोरा. लॉऱ्यांच्या झोतात त्याची पाठ तेवढी काळी दिसायची, तोंड कधीच नाही. हाक मारली तर तो वळेल, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पोराचं तोंड एकदा बघायला त्यांचा जीव तुटायचा. पण एका हाकेनं काय केलं ते ते कसं विसरतील? ओठ दाबून उभे राहायचे आणि घरी परतायचे. फट बुजली की हे भेटणंही संपणार होतं. तरी त्यांनी अर्ज मागं घेतला नाही. दुसऱ्यांची पोरं तरी घरी पोचू देत, म्हणाले.

समारंभ चारचा होता. मोठे साहेब सहाला उगवले. वेळेवर आले तर साहेब कसले! तोवर भाताच्या शेतांवर अंधारून आलं होतं. कालव्याच्या चिखलाचा आणि डिझेलचा वास मिसळला होता. शाल पडली, फोटो झाले, क्रेनला इशारा द्यायला मास्तरांच्या हातात हिरवा झेंडा दिला गेला. शेवटचा काँक्रीटचा ठोकळा क्रेनला लटकत होता, करकरत होता.

आणि त्याच्या बरोबर खाली मुरली उभा होता.

"अप्पा, झेंडा..." मोबाइलवर चित्रण करता करता हरिप्रिया म्हणाली.

मास्तर त्या पाठीकडे बघत राहिले. आता नाही तर कधीच नाही. एक हाक, की पोराचं तोंड दिसेल... त्यांनी दातांखाली ओठ घट्ट धरला आणि झेंडा खाली केला. ठोकळा सावकाश टेकला. धूळ उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फटीत आता कोणीच नव्हतं, आणि मास्तर त्या शालीत तोंड खुपसून रडले. लोकांना ते आनंदाश्रू वाटले.

घरी आल्यावर हरिप्रिया मोबाइल घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"अप्पा... तुम्हीं तिथं अण्णाला हाक मारिलीत कां?"

"नाही ग. ओठसुद्धा हलिवलों नाही."

"मज ठाऊक आहे. दिसत आहे कीं. पण हें ऐका..."

पडद्यावर मास्तर उभे होते, ओठ मिटलेले. मग चित्र लटकत्या ठोकळ्याकडे वळलं. लाउडस्पीकरच्या खरखरीतून एक आवाज आला. त्यांचाच, पण एकोणीस वर्षांपूर्वीचा, खणखणीत. "मुरली, रे मुरली!"

ठोकळ्याखाली एक काळी पाठ हलली. ती वळू लागली.

सेतुमाधवरावांनी चटकन पडद्यावर तळहात दाबला. ज्या तोंडासाठी ते एकोणीस वर्षं झुरले, ते आता हाताखाली होतं, आणि हात उचलायचं त्यांचं धाडस होईना.

"बंद कर, बाळ."

हरिप्रियानं बंद केलं नाही. त्यांच्या बोटांच्या फटीतून तिला दिसत होतं. ती बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"अप्पा..." ती कुजबुजली, "अण्णाची मिशी पिकायला लागली आहे."