उसनं नाव

नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताचं पातेलं पाठीशी कापडात बांधून वागिनेम सकाळीच मैदानावर पोचली. तालुक्याचा वारसा महोत्सव होता. एका बाजूला मेणाने कापडावर नक्षी काढणाऱ्या बायका बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला चामड्याच्या बाहुल्या कोरणारे म्हातारे. मधोमध काळ्या कापडाने चहूबाजूंनी बंद केलेला मांडव होता आणि त्यात तिच्या गावचे तांबट काशाचा मोठा गाँग, थाळीसारखी टांगती घंटा, घडवत होते. इतकी वर्षं ज्यांच्याकडे कुत्रं फिरकलं नाही, त्यांचं काम बघायला आज साहेबलोक येणार होते.

मांडव काळा लागतो, कारण तापलेल्या काशाचा रंग अंधारातच ओळखता येतो. रंग चुकला की घणाखाली काशाचे तुकडे होतात. हे झालं कामाचं. पण गावात आणखी एक रीत होती, ती कामाहून जुनी. भट्टी पेटली की ती विझेपर्यंत तांबटाचं खरं नाव घ्यायचं नाही. आगीत कोण बसलेलं असतं ते कोणी पाहिलेलं नाही, पण त्याला माणसांच्या नावांची भूक असते एवढं पोराटोरांनाही ठाऊक होतं. म्हणून तेवढ्यापुरती सगळे उसनी नावं घेत, तीही जनावरांची. एका पायाने लंगडणारे म्बाह दार्सो, म्हणजे दार्सो आजोबा, गावातले सर्वांत जुने कारागीर, ते हरीण. आणि वागिनेमचा एकुलता एक सुलार्दी, त्याच्या खांद्यांमुळे, रेडा.

तिने कापड जरासं बाजूला सारून केळीच्या पानातल्या पुड्या आत दिल्या. आतून कोळशाचा, घामाचा आणि तापल्या धातूचा वास अंगावर आला.

"हरणा, जेवून घ्या," ती म्हणाली.

"हरणाचे दात पडलेत, पोरी. भात मऊ आहे ना?" म्बाह दार्सो हसले.

"मऊ आहे. रेड्या, घाम पूस. चिंब झालायस."

"रेड्याला घाम येतो तेव्हाच नांगर चालतो, बु," आईला असं म्हणत सुलार्दीने हसत कपाळ पुसलं. त्या हसण्यावर तिने नवऱ्यामागची सगळी वर्षं काढली होती.

ती मैदानातल्या आपल्या भाताच्या टपरीवर परतली. थोड्याच वेळात माइकवर बोलणारी मुलगी भात खायला आली. शहरातली होती, गोड होती, बोलताना मान वाकवायची.

"मावशी, मोठा घण मारतो तो तुमचाच ना? नाव काय त्याचं?"

"भट्टी पेटली की नाव घेत नाहीत आमच्यात, बाई."

"आत्ता कुठे घ्यायचंय? संध्याकाळी सत्कार आहे. भट्टी विझल्यावर."

वागिनेमने हातातला डाव उगाच पुसला. भट्टी विझल्यावर काय हरकत होती? आणि खरं सांगायचं तर तिला मोह झाला. जन्मभर लोकांना भात वाढला, पण तिचं नाव चार माणसांत कोणी घेतलं नव्हतं.

"सुलार्दी," भट्टीपर्यंत ऐकू जाणार नाही इतकं हळूच ती म्हणाली. मग लाजत लाजत, "आणि म्हणा की... वागिनेमचा मुलगा."

दुपारी बडे साहेब आले. त्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून सत्कार तेव्हाच उरकून घ्यायचं ठरलं. टपरीवरच्या बाईला हे कोण सांगणार? तिला कळलं ते कर्ण्यातूनच.

"आणि सर्वांत मोठा घण ज्यांच्या हाती आहे, ते वागिनेमबाईंचे सुपुत्र, सुलार्दी..."

तिची मान ताठ झाली. एक श्वासभर ती सुखी होती. मग मांडवातून येणारा घणांचा आवाज कानावर पडला आणि हातातला डाव खाली पडला. भट्टी पेटलेली होती.

चार घण पाळीपाळीने पडत होते. त्यातला एक चुकला. त्या रिकाम्या जागेत, काळ्या कापडाच्या पलीकडून, तिच्या पोराचा आवाज आला, दबका आणि अदबशीर.

"ओ..."

थोरांनी हाक मारली की ताबडतोब ओ द्यायची, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. चालायला लागण्याआधी, कानाची पाळी धरून.

घण पुन्हा सुरू झाले. ती धावत सुटली. पळता पळता तिच्या लक्षात आलं की ठोके पाच पडत आहेत. मांडवात शिरली तेव्हा आगीभोवती माणसं चारच होती, घण चारच वर जात होते, आणि पाचवा ठोका पडतच होता.

म्बाह दार्सोंनी काम थांबवलं नाही. तापलेलं काशं अर्ध्यावर सोडता येत नाही. गाँग पाण्यात बुडाला, वाफेने मांडव भरून गेला, मग पाचवा ठोकाही थांबला. म्हाताऱ्याने डोक्याची टोपी काढली.

"सुलार्दी..." वागिनेमने हाक मारली. पोराने पाहिलं नाही. तिने त्याचा दंड धरला, हलवला. "सुलार्दी, अरे मी..."

"रेड्या," म्बाह दार्सो हलकेच म्हणाले.

"हं," म्हणत सुलार्दी वळला. त्याने आईकडे पाहिलं, भात वाढणाऱ्या कुठल्याही बाईकडे पाहावं तसं.

आणि पाण्यात पडलेला गाँग, कोणी हात न लावता, बारीक घुमत होता. तिने पोराचं नाव घेतल्यापासून.

"फोडून टाका तो, म्बाह," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

"फोडला तर आत गेलेलं कुठे जाईल, पोरी?" म्हातारा म्हणाला. "राहू दे. निदान कुठे आहे ते तरी माहीत असेल."

साहेब मात्र बेहद्द खूश होते. असा आवाज आपण कधी ऐकला नाही म्हणाले, आणि गाँग शहरातल्या कलाभवनात ठेवायचं ठरलं.

गाँग गावात होता तोवर सुलार्दी चालत-फिरत होता. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा, पण 'रेड्या' म्हटलं तरच. बु हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा आला नाही. एके सकाळी गाँग न्यायला ट्रक आला. सुलार्दी दारात उभा राहून तो वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिला, मग उंबऱ्यावर बसला. त्याला उठवायला गेले तेव्हा अंग गार पडलं होतं. गावाने त्याला मूठमाती दिली. रडताना वागिनेमने त्याचं नाव घेतलं नाही. तिची हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी महोत्सवाच्या दिवसांत ती कलाभवनात गेली. भर दुपार होती, सगळे मैदानावर होते. गाँगपुढे वाहायला तिने फुलं आणली होती, आणि पानात थोडा मऊ भात. एकदाच हाक मारायची, बस, असं ठरवून ती आली होती. वर्षभर ती याच एका गोष्टीवर जगली होती.

"सुलार्दी..."

गाँग थरथरला.

"ओ..."

त्याचाच आवाज. अदबशीर, तसाच. वागिनेम तिथेच खाली बसली आणि पदराने डोळे टिपत राहिली.

"पोरा, घरी चल रे. चुकलं माझं. चल ना..."

गाँग पुन्हा थरथरला. मग त्याच आवाजात, अगदी जवळून...

"वागिनेम..."

तिचे डोळे कोरडे झाले. जीव गेला तरी तिच्या पोराने आईला नावाने हाक मारली नसती. कोणाच्याच पोराने मारली नसती. त्या दिवशी भट्टीसमोर नावं दोन घेतली गेली होती, आणि ओ एकाच नावाला मिळाली होती.

तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. हातांना भाताचा वास येत होता. ओठ मिटलेले, दातावर दात. तिने श्वाससुद्धा बाहेर सोडला नाही.

आणि गाँगच्या आतून, तिच्या स्वतःच्या आवाजात, लहानपणी शिकवल्याप्रमाणे ताबडतोब, उत्तर आलं.

"ओ..."