शेवटचा कागद

त्या दुपारी मी दुकानात गेले ती फक्त सासऱ्यांचा डबा द्यायला. एरवी हे नेऊन द्यायचे, पण माल आणायला परगावी गेले होते.

आमचं काचसामानाचं दुकान. कपबश्या, बरण्या, जेवणाचे सेट. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिथे एक निराळीच शांतता असते. बाहेरून एखादी जड गाडी गेली की फळ्यांवरचे पेले एकमेकांना हलकेच लागतात आणि तो किणकिणाट दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जातो. आत कायम पेंढ्याचा आणि वर्तमानपत्राच्या शाईचा वास.

सासरे गल्ल्यावर बसून टीव्हीकडे बघत होते.

हा टीव्ही त्यांनी मोठ्या हौसेने लावून घेतला होता. दुकानात ठिकठिकाणी कॅमेरे, आणि त्यांची चित्रं चौकोन पाडून या एका पडद्यावर. दारातून आत येणाऱ्याला सगळ्यात आधी तोच दिसायचा. “स्वतःचं तोंड समोर दिसलं की माणसाचे हात आपोआप आवरतात,” असं ते येईल त्याला ऐकवायचे.

त्याच टीव्हीवर त्यांनी मावशींना चोर ठरवलं होतं. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून मावशी आमच्याकडे बांधणीचं काम करत होत्या. अंगठा जिभेला लावून कागद सुटा करायचा, कपाला दोनदा गुंडाळायचा आणि शेवटचं टोक असं आत खोचायचं की दोरा नको, चिकटपट्टी नको. टवका उडालेला कप निघाला की सासरे म्हणायचे, “घेऊन जा घरी.” माझ्यादेखत दिलेत. एकदा मात्र सासरे एका बाईंच्या गळ्यात तडा गेलेली बरणी मारत होते, तेव्हा मावशी मधेच म्हणाल्या, “ताई, ही घेऊ नका. गळेल.”

सासरे तेव्हा हसले. संध्याकाळी त्यांनी जुनं चित्रण शोधून काढलं. मावशी एक कप पिशवीत ठेवतायत, एवढंच होतं त्यात. ते त्यांनी टीव्हीवर लावून दिलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून, दिवसचे दिवस. खाली मोठ्या अक्षरांत ‘चोर’.

मी घरी म्हटलं, “बाबा, तो कप तुम्हीच दिला होता.”

“तुला कोणी विचारलंय?” ते म्हणाले आणि पानावरून उठले.

मावशी दुकानासमोरून जाईनाशा झाल्या. बाजारात लोक त्यांना ‘टीव्हीवाली’ म्हणायला लागले होते. मग त्या मागच्या बोळातून ये-जा करायच्या, जिथे मालाचे ट्रक मागे घेतात. तिथेच एका ट्रकखाली गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, बाई दिसलीच नाही. सासऱ्यांनी त्या दिवशी ते चित्रण बंद केलं.

तर त्या दुपारी मी डबा ठेवला. “बाबा, जेवून घ्या.”

त्यांनी मान वळवली नाही. “सूनबाई, तो गल्ल्याचा चौकोन बघ.”

बघितलं. गल्ला, खुर्ची, खुर्चीत सासरे, शेजारी मी. आणि त्यांच्या पायाशी एक बाई उकिडवी बसलेली. पाठ कॅमेऱ्याकडे, मानेवर घट्ट अंबाडा. शेजारी रद्दीचा गठ्ठा. तिने अंगठा जिभेला लावला, एक कागद सुटा केला आणि सासऱ्यांच्या घोट्याभोवती गुंडाळला.

मी खाली पाहिलं. रिकामी फरशी. सासऱ्यांच्या चपला.

“केव्हापासून?”

“सकाळपासून. पाय... पाय उचलत नाहीत गं.”

मी सरळ टीव्ही बंद केला. पडदा काळा झाला, आणि त्या शांततेत कागदाची खसखस ऐकू आली. सावकाश, घाई नसलेली. खुर्चीच्या अगदी जवळून.

“चालू कर,” सासरे कुजबुजले. “चालू कर... कुठवर आलीय ते तरी कळू दे.”

चालू केला. कागद गुडघ्यांपर्यंत आला होता.

हे रात्री परतले. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. नसा चांगल्या, रक्त चांगलं, मग कंबरेखाली लाकूड कशाने झालं ते कोणी सांगेना. चार दिवसांनी सासऱ्यांना घरी आणून निजवलं. घरात कॅमेरा नाही, पण त्याने काय होणार होतं? सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. “दुकानात जा. बघून ये.”

मी शटर अर्धंच वर केलं आणि टीव्ही लावला. समोर गल्ल्याची खुर्ची रिकामी होती, धूळ धरलेली. पडद्यावरच्या खुर्चीत मात्र सासरे बसलेले होते. छातीपर्यंत, मग खांद्यांपर्यंत, नीट, एकही सुरकुती न पडू देता ती त्यांना बांधत होती. गळ्यापाशी आली आणि थांबली. उठून उभी राहिली. दोन्ही हातांत एक कागद उलगडून धरलेला. पहिल्यांदाच तिने कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

मावशीच होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. हातातलं काम संपत आलेल्या बाईचा असतो, तसा चेहरा होता.

मी घरी फोन लावला. ह्यांनी तो सासऱ्यांच्या कानाला धरला. “बाबा, ती थांबलीय. एकच कागद राहिलाय. खरं काय ते सांगून टाका.”

ते म्हणाले, “तिच्या मुलीला बोलाव.”

मुलगी दोन गल्ल्या सोडून कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीला होती. मी जाऊन सांगितलं, तशी ती कामाच्या कपड्यांतच आली. शटरखालून वाकून आत शिरली आणि पडद्यासमोर उभी राहिली. किंचाळली नाही.

“आई किती वाळलीय,” एवढंच म्हणाली.

मी फोन पुन्हा लावून तिच्यासमोर धरला. सासऱ्यांचा आवाज खोल बरणीतून यावा तसा येत होता. “पोरी... कप मीच दिला होता. नेहमी मीच द्यायचो. तिने मला गिऱ्हाइकासमोर खाली बघायला लावलं, म्हणून... तिला थांबव. तुझं ऐकेल ती.”

“हे तुम्ही घरात निजून सांगताय,” मुलगी म्हणाली. “तिला सगळा बाजार बघत होता.”

“बाजारात सांगेन. बरा झालो की... नक्की सांगेन.”

“बरा झालो की.” तिने ते शब्द हळूच परत म्हटले.

“तू नुसतं ‘थांब’ म्हटलंस तरी पुरे,” मी म्हणाले.

ती टीव्हीजवळ गेली. आईच्या चेहऱ्यावर पडद्याची धूळ साचली होती, ती तिने तळहाताने पुसली. मग नेहमीच्या आवाजात, घरात बोलावं तसं म्हणाली,

“आई, काम अर्धं टाकून उठू नकोस.”

मावशी वाकल्या. मी तोंड फिरवलं, पण फोन हातात होता. आणि फोनमधून, आमच्या घरातून, कागदाची खसखस आली. मग ह्यांचा आवाज. “बाबा...? बाबा, इकडे बघा...”

मी वळले तेव्हा मावशी शेवटचं टोक बोटाने आत खोचत होत्या. मुलगी वाकून शटरखालून बाहेर पडली. तिला इस्त्रीचे कपडे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.

सासऱ्यांचे दिवस उरकल्यावर ह्यांनी कॅमेरे उतरवले, टीव्ही काढून टाकला. आता दुकान मीच बघते. माल नव्याने लावायला घेतला, तेव्हा गोदामातल्या सगळ्यात वरच्या फळीवर एक पुडकं मिळालं. कपाएवढंच. दोरा नाही, चिकटपट्टी नाही.

“उघडू का?” ह्यांनी विचारलं.

मी हात लावून पाहिलं. कागद कोमट होता.

“नको,” म्हटलं.

ते तिथेच आहे. दुपारी कोणी नसलं की मी कधीकधी स्टुलावर चढून बघते. कागद मधोमध हलकेच आत ओढला जातो. थोड्या वेळाने बाहेर फुगतो. मग पुन्हा आत.