एक्क्याण्णवचा माणूस

वळणपेठेत रस्ता चाळीस पावलांपलीकडे दिसत नसे. तो मुद्दाम तसा आखला होता. चाळीस पावलांवर वळण, आणि वळणावर काहीतरी डोकावत असे: भाकरीच्या वासाची खिडकी, मांडून ठेवलेला बुद्धिबळाचा पट, कृष्णेच्या पात्राचा एक तुकडा. तुषारराव खिलारे सकाळी दूध आणायला निघत ते दीड तासाने परतत.

"दूध पार कोयनानगरहून आणलंत काय?" त्यांच्या पत्नी ऋतुजाताई रोज विचारत.

दोन वर्षांपूर्वी हे कुणाला सांगून पटलं नसतं. कोल्हापुरात चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला हा माणूस समोरच्या पानपट्टीवरसुद्धा गाडी काढून जाई. इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगे. म्हणूनच डॉ. मिहिका सोनटक्के यांनी त्यांना हेरलं होतं.

डॉक्टरांचं कोडं जुनं होतं. चालण्याजोग्या वस्तीत लोक जास्त चालतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वस्ती माणसाला चालवते, की चालायची आवड असलेला माणूसच तशी वस्ती शोधतो? उत्तरासाठी आधी मनाची आवड मोजायला हवी. त्यासाठी त्यांनी मनगटावरचा एक पट्टा बनवला. बाहेर जायचा विचार मनात येताक्षणी शरीर कशाची तयारी करतं, पायांची की बसण्याची, ते तो टिपे आणि शंभरपैकी आकडा देई. त्याला त्या 'कलांक' म्हणत. शून्य म्हणजे पक्का पायी फिरणारा, शंभर म्हणजे गाडीवाचून न हलणारा. तुषाररावांचा कलांक होता एक्क्याण्णव. अशी साठ गाडीवेडी कुटुंबं डॉक्टरांनी वळणपेठेत आणून वसवली. नदीकाठचं घर म्हणून ऋतुजाताई हट्टाला पेटल्या, म्हणून तुषारराव आले.

त्या दिवशी डॉक्टर घरी आल्या आणि त्यांनी ताजा आकडा सांगितला. बारा.

तुषाररावांनी मनगटावरचा पट्टा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "खरं असणार. परवा जावयानं नवी गाडी आणली. मी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करून ऐकलं. मॅडम, मला काहीच वाटलं नाही. मिक्सर ऐकावा तसं ऐकलं."

"मला एक कबुली द्यायची आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ही वस्ती सरकते. तुम्ही दमून बसता तो बाक रुळांवर आहे. तुमचा कलांक बघून तो दर आठवड्याला तीन पावलं लांब जातो. बुद्धिबळाचा पट कंटाळा यायच्या आत जागा बदलतो. सावल्यासुद्धा तुमच्या वेळा धरून पडतात. आम्ही पट्ट्याबद्दल सांगितलं, हे लपवलं. ती माझी चूक."

तुषाररावांनी मांडीवर थाप मारली. रागाने नव्हे. "चालत्या इंजिनाचं ट्यूनिंग! आणि इंजिनाला पत्ता नाही! चाळीस वर्षांत मला जमलं नाही हो. काय डोकं आहे तुमचं!"

डॉक्टर हसल्या नाहीत. अशा शंभर वस्त्या उभ्या राहणार होत्या. वस्ती सरकते हे रहिवाशांना सांगितलं, तर परिणाम निम्म्यावर येतो. म्हणून ते सांगूच नये, असं वरच्या समितीचं म्हणणं होतं. डॉक्टरांचा विरोध होता. शेवटी, सगळ्यात जास्त बदललेल्या रहिवाशाचं, म्हणजे तुषाररावांचं, मत घ्यायचं ठरलं. तेच विचारायला त्या आल्या होत्या.

"मग नका सांगू," तुषारराव म्हणाले. "माझी साखर उतरली. पस्तीस माणसं मला नावानं हाक मारतात. कुणाचं काय बिघडलं?"

डॉक्टरांनी टीव्हीच्या पडद्यावर एक चित्रफीत लावली. वळणपेठेत आल्या दिवशीची मुलाखत होती. पडद्यावरचे तुषारराव जाडे होते, हातात किल्ली फिरवत होते. "तब्येतीसाठी वाट्टेल ते करा," ते म्हणत होते, "पण मला न सांगता माझं मन बदललंत, तर कोर्टात खेचीन. आवड माझी आहे."

ऋतुजाताईंनी पुढे केलेला चहा डॉक्टरांनी बाजूला ठेवला.

"दोन वर्षांत तुम्ही इथं एकदाही मुक्काम केला नाहीत," ऋतुजाताई म्हणाल्या. "चहा पण घेत नाही."

"रोज तीन तास प्रवास करून साताऱ्यापलीकडे जाते, ताई. इथं रमले तर माझं मतही वस्तीचंच होईल. मग मोजणार कोण?"

तुषारराव त्यांच्याकडे बघत राहिले. हिने वस्ती बांधली, आणि तिची भूल स्वतःला पडू नये म्हणून ही रोज उठून जाते. असा कारागीर त्यांनी पाहिला नव्हता.

"लिहून घ्या," ते अखेर म्हणाले. "लोकांना आधी सांगायचं. परिणाम निम्मा झाला तरी चालेल. सांगायलाच हवं असं मला आज वाटत नाही. पण तो पडद्यावरचा माणूस आता कुठं जाऊन तक्रार करणार? त्याच्या वतीनं बोलायला मीच उरलोय."

डॉक्टरांनी मान खाली घालून लिहून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"एक विचारू?" तुषारराव म्हणाले. "हे आत्ता मी ठरवलं ते माझं मीच ना? का यातसुद्धा एखादा बाक सरकला?"

खोटं बोलणं सोपं होतं. डॉक्टरांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मला सांगता येत नाही, तुषारराव."

त्यांनी मान डोलावली. डॉक्टरांना दारापर्यंत सोडायचं म्हणून ते उठले. डॉक्टर निघून गेल्या. थोड्या वेळाने मागून ऋतुजाताईंची हाक आली आणि ते दचकले. घर बरंच मागे राहिलं होतं. आपण केव्हा चालू लागलो, ते त्यांना आठवेना.