बिनडोळ्याचं पाखरू

नाजनीननं तोंड धुतलं, टॉवेल चेहऱ्याला लावला आणि खाली घेताना तिचा हात मध्येच थांबला. टॉवेलच्या काठावर एक पाखरू विणलेलं होतं. पंख होते, चोच होती, शेपटीची तीन पिसंसुद्धा होती. डोळा मात्र नव्हता.

"पूनम, अगं हे माझंच पाखरू हाय की," ती खोलीत येत म्हणाली. "डोळाच भरला न्हाई मी ह्याचा."

पूनम पलंगावर मांडी घालून शेंगाच्या चटणीची पुडी सोडत होती. व्हेनिसला येऊन तास झाला नव्हता, पण भूक काही गाव बघत नाही.

दोघी सोलापूरच्या, अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यातल्या. नाजनीन संगणकावर चौकोन भरून नक्षी काढायची आणि मागावर तीच नक्षी धाग्यात उतरायची. पूनम परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायची. मालकांनी दोघींना मिलानच्या प्रदर्शनाला आणलं होतं. प्रदर्शन उरकलं, मालक लेकीकडं गेले आणि परतीच्या विमानाला दोन दिवस उरले. पूनमनं लगेच व्हेनिसची तिकिटं काढली आणि हॉटेलही असं गाठलं, जे आपल्याच कारखान्याचा माल घेतं.

"गप बस," पूनम घरून आणलेली कडक भाकरी मोडत म्हणाली. "हितं कुणाला कळतंय डोळा हाय का न्हाई ते."

"मला कळतंय की."

दोघींनी दाराकडं बघितलं. दार उघडंच होतं आणि चादरींची ढकलगाडी धरून एक तिशीचा तरुण उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हसू असं, की आपण चोरून ऐकत होतो याची जराही लाज नाही.

"आरिफ," तो म्हणाला. "सोलापूरचाच, विजापूर वेशीतला. हितं खाली कपडे धुतो. दोन वर्सं झाली, ह्या टॉवेलांच्या घड्या घालतोय. दर वेळी वाटायचं, सोलापुरात ही कोण बाई हाय, जिला पंख आठवले, चोच आठवली, अन् डोळा इसरला."

"बाईच कशावरून?" नाजनीननं विचारलं.

"बाप्या असता तर चोच बी इसरला असता."

पूनम खो खो हसली. नाजनीनचे कान तापले. "दोन वर्सांत कुणी तक्रार कशी केली न्हाई मग?"

"कोण बघतंय... लोक तोंड पुसत्यात अन् टाकून देत्यात. मी एकटाच बघत बसतो."

पाच वर्षं नाजनीन चौकोन भरत होती. तिची फुलं, वेली, पाखरं कुठल्या कुठल्या देशात गेली, पण ती कुणी थांबून बघितली असतील असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि हा एक माणूस तिची चूक दोन वर्षं हातात धरून बसला होता. तिला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

"भाकरी खाणार का?" पूनमनं विचारलं.

त्यानं भाकरीचा पहिला घास तोंडात घातला आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. चटणी तिखट होती, एवढंच तो म्हणाला.

दुपारी काम संपवून तो त्यांना गाव दाखवायला निघाला. आभाळ भरून आलं होतं, बारीक भुरभुर चालू होती. मोठ्या चौकात समुद्राचं पाणी चढलेलं, त्यावर चालायला फळ्या टाकलेल्या. पहिल्या फळीवर आरिफनं हात पुढं केला. नाजनीननं तो न बघितल्यासारखं केलं आणि एकटी चढली. दुसऱ्या फळीवर त्यानं हात केला नाही, तेव्हा तिनंच त्याची बाही धरली. तिसऱ्या फळीपर्यंत बाहीवरचा हात कधी हातात आला, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पूनमला आलं असतं, पण ती शहाणी. ती कबुतरांचे फोटो काढत मागं राहिली.

"आवडलं का गाव?" त्यानं विचारलं.

"पाणी लई हाय."

"एवढं पाणी बघून बी मला सिद्धेश्वर तलावाचा काठच आठवतो."

"मग येत का न्हाई घरी?"

"येतो की..." तो म्हणाला, आणि पुढच्या फळीकडं वळला.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजाच टाकली. पूल, चर्च, काचेच्या मण्यांची दुकानं, सगळं बघून झालं. पण नाजनीनला नंतर जे आठवत राहिलं ते वेगळंच. तिच्या ओढणीचं टोक पाण्यात बुडालं, तर त्यानं ते पिळून परत खांद्यावर टाकलं. कॉफी तिला कडू लागली, तर त्यानं न विचारता आणखी साखर घातली. दोन दिवसांत माणूस कळतो का? एरवी नाजनीननंच अशा पोरींना वेड्यात काढलं असतं.

संध्याकाळी एका लहान पुलावर ते दोघंच होते. भुरभुर थांबली होती.

"नाजनीन, मला तू आवडतीस," तो म्हणाला. "पाखरू आधी आवडलं, मग तू. पण सांगायचं ऱ्हायलंय एक..."

आणि त्यानं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ अतीक ट्रक चालवायचा. दीड वर्षापूर्वी मोडनिंबजवळ अपघातात गेला. मागं बायको शबाना आणि चार वर्षांची मुलगी. आईची इच्छा अशी, की आरिफनं परत यावं आणि शबानाशी निकाह करावा. दीड वर्ष ती फोनवर विचारत होती आणि दीड वर्ष हा हो-नाही काहीच न सांगता इथं टॉवेल धूत बसला होता.

नाजनीन कठड्याला टेकली. "मग तू काय ठरवलंस?"

"तू जाऊन बघ त्यांना. पोरीसाठी मणी देतो, ते पोचव. अन् मग... तू सांगशील तसं."

पुरुषांना स्वतःचं ओझं बाईच्या डोक्यावर ठेवून वर त्याला विश्वास म्हणायची भारी हौस. नाजनीनला ते कळलं नाही असं नाही. पण त्याचा चेहरा बघून तिला रागावता आलं नाही.

"कसं सांगू? फोनवर नको. फोनवर मी रडंन, अन् माझं रडणं ऐकून तू ठरवशील."

आरिफनं थोडा विचार केला. "दोन महिन्यांनी हॉटेलची नवी ऑर्डर जाणार तुमच्याकडं. हेच पाखरू. डोळा नसला, तर मी आईला न्हाई म्हणून सांगतो अन् तुझ्या अब्बांकडं येतो. डोळा भरलेला असला तर... मग मी आईचं ऐकतो."

सकाळी निघताना त्यानं त्याच पाखराचा एक विरलेला टॉवेल तिच्या हातात ठेवला. टाकूनच देणार होते, म्हणाला.

सोलापूरला आल्यावर नाजनीननं आठ दिवस ते मणी पर्समध्येच ठेवले. नवव्या दिवशी ती विजापूर वेशीत गेली. आरिफची आई, गुलबानो, तिला दारातूनच आत ओढत म्हणाली, "आ बेटी, बैठ. मेरा आरिफ खाता-पीता है ना बराबर?"

शबानानं चहा आणला. सावळी, शांत बाई, नाजनीनच्याच वयाची. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती आणि झोपेतही आईच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत होतं. गुलबानो बिस्किटं आणायला आत गेली, तेव्हा शबानानं हळूच विचारलं, "ते बारीक झालेत का?"

"जरा झालेत," नाजनीन म्हणाली.

"त्यांच्यावर जबरदस्ती नको, असं मी अम्मींना कवाच सांगितलंय. जबरदस्तीनं आलेल्या माणसाला घेऊन काय करू?" शबाना मुलीचे केस मागं सारत राहिली. "पण ते न्हाई म्हणाले, तर माझे भाऊ मला माहेरी मैंदर्गीला नेणार. दुसरं लगीन लावून देणार. ठरवलंय त्यांनी. तितल्या लोकांना ही चालणार न्हाई. ही हितं ऱ्हाणार, मी तितं."

ही बाई कजाग असती तर किती बरं झालं असतं, असं नाजनीनला वाटलं. ती घरी जाताना सबंध रस्ताभर हाच विचार करत होती.

ऑर्डर आली. पूनमनं मेल वाचून दाखवला. "जुनंच पाखरू पाहिजे म्हणत्यात. बदल काय न्हाई."

म्हणजे काहीच करायचं नव्हतं. जुनी फाइल उघडायची, मागावर पाठवायची, गप्प बसायचं. तेवढ्यावर आरिफ तिचा झाला असता. पाखराच्या डोक्यात चार चौकोन रिकामे होते. नाजनीननं ती फाइल तीन दिवस उघडी ठेवली. दोन वेळा तर पाठवायलाही निघाली होती.

"पाठव की," पूनम म्हणाली. "जगात सगळ्यांचं चांगलं करायचा मक्ता घेतलाय का तू?"

"तसं न्हाई गं. तिची पोर झोपेत बी ओढणी सोडत न्हाई."

"अन् तुझं काय?"

चौथ्या दिवशी सकाळी आल्या आल्या, खुर्चीवर नीट बसायच्याही आधी, नाजनीननं ते चारही चौकोन भरले आणि फाइल पाठवून दिली. मग ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली.

ईदनंतर गुलबानोचा फोन आला. आरिफ आला होता, शुक्रवारी निकाह होता. पूनम म्हणाली, जाऊ नकोस. नाजनीन गेली. नव्या लॉटमधले दोन टॉवेल कागदात बांधून तिनं नेले आणि आरिफच्या हातात दिले. मुलगी त्याच्या कडेवर होती, गळ्यात तेच मणी. त्यानं कागद थोडा उघडला आणि पाखराच्या डोळ्यावरून अंगठा फिरवला.

"मी तितं दोन-दोनदा बघितला," तो हळू आवाजात म्हणाला. "वाटलं, धागा चुकून आला असंल."

"चुकून न्हाई."

"कळलं," आरिफ म्हणाला. "लई चांगला काढलास."

मुलीनं त्याची मान वळवून त्याला जेवायला चल म्हटलं, आणि तो गेला.

नाजनीन घरी आली. तिनं तोंड धुतलं, कपाटातून तो विरलेला टॉवेल काढला आणि चेहऱ्याला लावला. आईनं बाहेरून दोनदा हाक मारली. आले, आले, म्हणत ती तशीच उभी राहिली. टॉवेल चेहऱ्यावरून काढायला तिला बराच वेळ लागला.