पलंगातला भाडेकरू

भुंगेरा मरायच्या आत त्याला डोंगरमाथ्यावरच्या फुलांपर्यंत पोचवायचं, एवढ्यासाठीच सुतार निघाला होता. सोबत मेहुणा. खिशात बायकोची बटणांची डबी, आणि डबीत हिरवा-सोनेरी भुंगेरा.

लग्नाच्या वेळी सुताराने त्याच माथ्यावरच्या लाकडाचा पलंग केला होता. लाकडाबरोबर एक अळीही घरात आली आणि वर्षानुवर्षं आतून पोखरत राहिली. आजारपणात बायकोला झोप लागायची नाही, तेव्हा तिला ती कुरकुर ऐकू यायची.

"अहो, भाडेकरू जेवायला बसला बघा," ती म्हणायची. "बाहेर आला की त्याच्या माथ्यावरच्या फुलांवर सोडून या हं त्याला. जन्मभर कोरडं लाकूड खाल्लंय बिचाऱ्यानं."

ती गेली. आणि मग पलंगाच्या पायाला भोक पाडून भाडेकरू बाहेर आला.

वाटेतला ओढा फुगला होता. गढूळ पाणी खडकांवर आदळत होतं.

"दाजी, किड्यापायी जीव द्यायचा का?"

"तू थांब इथंच."

"थांबतो की! आणि तुम्ही वाहून गेलात तर वर ताईला तोंड काय दाखवू?"

दोघांनी कमरेला एकच दोर बांधला. सुताराने डबी दातांत धरली. मधोमध त्याचा पाय निसटला! पाणी डोक्यावरून गेलं. दोर ताणला! मेहुण्याने खडकाला मिठी मारली. ओरडायला तोंड उघडलं असतं, तर डबी गेली असती. सुतार ओरडला नाही; दोर धरून धरून काठाला लागला.

माथ्यावर पोचले, तर वणव्याने सगळं जळून गेलेलं. काळे खुंट तेवढे उरले होते. फक्त कड्याच्या टोकाला एक झाड पांढऱ्या फुलांनी भरलेलं होतं. सुतार पोटावर सरपटत तिथवर गेला. डबी उघडली. भुंगेरा हलेना.

त्याने तो तळहातावर उन्हात धरला. बराच वेळ गेला. मग मिशा थरथरल्या! आणि सुताराने मूठ मिटली. तिचं रात्रीचं बोलणं ऐकलेलं आता दुसरं होतं कोण?

"दाजी," मागून मेहुणा हळूच म्हणाला, "मूठ उघडा."

सुताराने उघडली. भुंगेरा उडाला, फुलात शिरला आणि खायला लागला.

उतरताना मेहुणा म्हणाला, "घरी गेल्यावर ते भोक बुजवून टाका."

सुताराने उभ्या हयातीत लोकांच्या लाकडातली कीडच मारली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "आत अजून एखादा असेल."