बत्ती लागली का?

तुषार, तो मोबाईल आधी उलटा ठेव. उजेड डोळ्यांत जातो माझ्या. आणि रोशनी, तू दाराकडे पाठ करून बसू नकोस गं... काही नाही, वारा लागतो म्हणून म्हटलं!

तर लाहू. तलासरीच्या नाक्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे बघा, तोच. माझ्या टेम्पोची सगळी वायरिंग त्याच्या हातची. खोटं बोलायला गेला तर त्याचे कान लाल होतात, असा माणूस. त्यानंच मला हे सांगितलं, इथं घोलवडला, याच ओट्यावर बसून.

गेल्या चैत्रातली पौर्णिमा. महालक्ष्मीच्या जत्रेची पहिली रात्र. बोर्डीला एका शेठच्या चिकूवाडीत जुनी फियाट उभी होती, त्याच्या आजोबांच्या वेळची. शेठच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी डहाणूला लग्न. पोरीनं हट्टच धरलेला, सासरी जाईन तर पणजोबांच्या गाडीतून. मेकॅनिकनं इंजिन चालू करून दिलं, पण खाऱ्या हवेनं स्विच सगळे आखडलेले. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, ब्रेक दाबला तर मागची बत्ती नाही. म्हणून लाहूला बोलावणं आलं.

घरचे सगळे डहाणूला. वाडीत एकटा राखणदार, काकड्या. त्यानं शेड उघडून दिली, बल्ब लावला आणि चपला घातल्या.

"दादा, तुम्हीपण चला ना जत्रेला. एकटे काय करणार इथं?"

"घरी तरी कोण आहे रे?" लाहू म्हणाला. "जा तू."

काकड्या गेला. लाहूची बायको हिरी त्याआधीच्या पावसाळ्यात तापानं गेली होती. दर वर्षी दोघं जोडीनं जत्रेला जायची. या वर्षी त्याला जत्रा नको होती आणि घरही नको होतं. काम मिळालं तर बरंच वाटलं त्याला.

आता बत्त्या तपासणं हे दोन माणसांचं काम, बरं का. एकानं आत बसून खटका दाबायचा, दुसऱ्यानं गाडीच्या मागं उभं राहून सांगायचं. लाहूच्या दुकानात ते काम हिरीचं. हा आतून ओरडायचा, "बत्ती लागली का?" ती मागून म्हणायची, "लागली." यानं बंद केली की म्हणायची, "निजली." विझली असं ती कधीच म्हणायची नाही. दिव्याला विझला म्हणू नये, घराला चांगलं नसतं, असं तिच्या आईनं शिकवलेलं. गिऱ्हाइकं हसायची. ट्रकवाले तर मुद्दाम विचारायचे, "काय वहिनी, निजली का?" ती कुणाला दाद देत नसे.

लाहूनं बॅटरीची वायर सोडून ठेवली आणि एकेक स्विच खोलायला घेतला. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज. पेट्रोलात बुडवलेल्या ब्रशानं घासायचं, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, कोरडं पुसायचं. मग खटका जिथं फिरतो तिथं ग्रीसचा नुसता हात. जास्त झालं की धूळ धरते. चिमटीएवढी स्प्रिंग, तिच्यावर मोहरीएवढी गोळी. उडाली की रात्रभर शोधत बसा! काम असं की डोकं दुसरीकडे जायला जागाच नाही. त्याला तेच हवं होतं.

मध्यरात्र उलटली असेल. मागच्या बत्त्यांचा स्विच साफ झाला, बसला. लाहू सीटवर टेकला आणि खटका दाबला. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, त्याच्या तोंडून गेलं...

"बत्ती लागली का?"

"लागली."

"बरं," लाहू म्हणाला. पुढचा स्क्रू घ्यायला हात लांब केला.

आणि हात तिथंच राहिला.

काकड्या गेलेला. वाडीत चिटपाखरू नाही. आवाज बाईचा होता. हळू. गाडीच्या मागून.

हिरीचा होता? पोरांनो, एक सांगतो, तुम्हाला अजून कळायचं नाही. माणूस गेलं की त्याचा चेहरा राहतो, पण आवाज विसरतो आपण. लाहू रात्र रात्र तो आवाज आठवायचा आणि त्याला तो सापडायचा नाही. आता समोर आला तर ओळखता येईना. रडू आलं त्याला.

आरशात बघितलं. अंधार, नि चिकूच्या झाडांवर चांदणं. मागं वळला नाही. वळलो तर जाईल, असं वाटलं त्याला.

खटका बंद केला. परत दाबला.

"लागली का?"

"लागली."

तेवढ्यात त्याला बॅटरीची वायर दिसली. सुटलेली. तशीच लोंबत. बत्ती लागणारच नव्हती... लागूच शकत नव्हती.

रोशनी, तू असतीस तर पळाली असतीस. मीपण पळालो असतो! लाहू नाही पळाला. त्याला भीती वाटलीच नाही. उलट बोलायला लागला. जत्रेला गेलो नाही म्हणाला. तुझ्याशिवाय भात करपतो म्हणाला. मागून काही नाही. पण ऐकणारं कुणीतरी आहे, हे कळत होतं.

मग त्याच्या मनात आलं, तिचा तो शब्द ऐकावा. एकदाच. त्यानं खटका बंद केला.

"आता?"

काही नाही.

"आता गं?"

बल्ब फडफडला.

"सांग ना..."

आणि मागून, अगदी जवळून... सीटच्या मागून...

"विझली."

...

हिरी नव्हती.

लाहूनं दार ढकललं. हत्यारं तिथंच. चप्पल तिथंच. वळला नाही. फाटकाशी पोचला. तेव्हा शेडमधून आवाज आला. रडवेला.

"विचार ना परत..."

त्या रात्री तो अनवाणी इथं आला. मी पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला. मग सांगितलं सगळं, आणि शेवटी म्हणाला, "धोंडीकाका, ती नव्हती. पण कुणीतरी होतं ना..."

उजाडल्यावर हत्यारं आणायला आम्ही दोघं गेलो. लाहू गाडीच्या मागं गेला आणि थबकला. डाव्या लाल बत्तीच्या काचेवर वाफ धरली होती. बोटाच्या पेराएवढी. मी पुसली. जाईना. आतून होती. काचेचे स्क्रू गंजून बसलेले, कुणी कधी खोलले नसतील. आम्ही बघत होतो तोवर ती वाफ विरली. परत धरली. परत विरली.

लाहू उकिडवा बसला. काचेजवळ तोंड नेलं. त्याचे ओठ हलले. काय विचारणार, ते मला कळलं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला आणि ओढत बाहेर आणला.

शेडच्या दारातून मी वळून बघितलं. ती सगळी काच पांढरी झाली होती.